दर दोन तासांनी

स्वयंपाकघरात कुणीतरी परका पुरुष बोलत होता. मास्तर आतल्या खोलीत कुशीवर पडले होते. गालाखाली जुना टॉवेल घेतला होता, कारण लाळ आता तोंडात धरवत नव्हती आणि गिळवतही नव्हती. इस्पितळातून अठरावा शेक घेऊन आल्यावर दुपारी कुठे डोळा लागतोय न लागतोय, तोच भिंतीपलीकडून तो आवाज आला. फार मोठा नव्हे, पण मोकळा. कुठल्या तरी साहेबाची गोष्ट चालली होती. साहेब लिफ्टमध्ये अडकला, तरी ऐट जाईना. जाळीतूनच फाइल मागवली. फाइल आली तर पेन नाही, पेन आलं तर चष्मा वर टेबलावर राहिलेला, आणि चष्मा घेऊन शिपाई पळत आला तेव्हा लिफ्ट सुरू होऊन साहेब खाली निघून गेलेले. सांगणारा मध्येमध्ये थांबत होता, पण बरोबर जागा पाहून, कसलेला माणूस हशासाठी थांबतो तसा. आणि मास्तरांची बायको हसत होती. नुसती हसत नव्हती, पदर तोंडाला लावून, दम लागून, ‘पुरे रे, पुरे’ म्हणत हसत होती. मास्तरांना आधी तिचाच राग आला. नवरा इथे तोंडात निखारे घेऊन पडलाय आणि ही बाई पाहुण्यासमोर खिदळतेय. मग वाटलं, पण हा आहे कोण? तिचा भाऊ तर दोन वाक्यं बोलला की घसा खाकरतो. वरच्या मजल्यावरचा बोलतो ते नाकात. हिला ‘पुरे रे’ म्हणण्याइतका जवळचा कोण आलाय घरात, आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही? ते उठले. भिंतीला हात लावत, गार फरशीवरून अनवाणी दारापर्यंत गेले आणि पडदा बाजूला केला. ओट्याशी पाठमोरा उभा राहून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि सोडा ढवळत जो बोलत होता, तो त्यांचा मुलगा होता.

चमचा ढवळता ढवळता तो वळला. वडलांना बघून त्याचं तोंड उघडं राहिलं, जबडा एका बाजूला ओढला गेला, मानेची शीर तटतटली. “बा... बा... बा—” डोळे मिटले, उघडले. “दो-दोन वाजले. गु-गुळण्या.” आणि बायको, जिच्या डोळ्यांत हसून हसून अजून पाणी होतं, ती फडकं घेऊन आधीच लख्ख असलेला ओटा पुसायला लागली.

मास्तर पुन्हा येऊन पडले, पण झोप कसली येणार? बत्तीस वर्षांचा मुलगा, आणि त्याचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. म्हणजे तुकडे ऐकले होते, हजारो तुकडे. अख्खा कधी ऐकला नव्हता.

चाळीस वर्षं त्यांनी कपडे शिवले. दुकान तसं लहान, पण मास्तरांच्या हातचा कोट म्हटलं की चार पेठा ओलांडून माणसं यायची, आणि हाताइतकीच त्यांची जीभ चालायची. ओठांत सहा-सात टाचण्या धरून ते बोलत. टाचणी पडत नसे आणि शब्दही वाया जात नसे. “पोट आत घेऊ नका साहेब, पँट पोटाला शिवायचीय, इच्छेला नाही.” “खांदे दोन्ही तुमचेच ना? एक उसना आणल्यासारखा दिसतोय.” ज्याला बोलत तो ओशाळून हसायचा, बाकावर बसलेले पोट धरून हसायचे, आणि पुढच्या खेपेला तोच माणूस मित्राला घेऊन यायचा, मित्राची पाळी बघायला. दुकान बंद करून मास्तर घरी येत तेव्हा टाचण्या डबीत जात. जीभ तेवढी बरोबर येई. लग्न झाल्यावर बायको स्वयंपाक करताना काहीबाही गुणगुणायची. “मशीनला तेल घाल गं, कुरकुरतंय,” ते एकदा म्हणाले, मग दोनदा म्हणाले, मग तिसऱ्यांदा म्हणायची वेळच आली नाही. मुलगा चार वर्षांचा झाला आणि अडखळायला लागला. सात वर्षांचा असताना एकदा दुकानात निरोप घेऊन आला होता. बाक भरलेला. “आ-आ-आ-आईनं...” एवढ्यावरच रुतला. मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. टाचण्यांसकट ते म्हणाले, “दोरा तुटला! ओव पुन्हा!” काय हसलं दुकान! कारागिरांनी मशिनी थांबवल्या. पुढे गल्लीतसुद्धा तेच झालं, पोरगं तोंड उघडायचं आणि कुणीतरी ओरडायचं, दोरा तुटला. यात आपलं काही चुकलं असं मास्तरांना कधी वाटलं नाही, आणि त्यांच्याकडे पुरावाही होता. त्या दिवशी पोरगाही हसला होता. त्यांनी स्वतः पाहिलं होतं. दुखलं असतं तर हसला असता का?

मोठेपणी त्यानं नोकरी पत्करली तीही तोंड न उघडता करता येण्यासारखी. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचा. कुठल्या रस्त्याखालून किती इंची नळ गेलाय ते त्याला तोंडपाठ होतं, पण विचारलं तर तो कागदावर दाखवायचा.

जिभेच्या कडेला तो फोड आला तेव्हा मास्तरांना वाटलं, दात घासतोय. दाताच्या डॉक्टरनं दात घासून दिला, फोड राहिला. मग तुकडा काढून तपासला, मग जिभेचा कोटाच्या बटणाएवढा भाग कापून काढला, आणि वर तेहतीस वेळा रेडिएशन घ्यायला सांगितलं. तिथे सगळे त्याला शेकच म्हणत. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हळूच विचारायचा, “तंबाखू?” मास्तर तंबाखूला उभ्या जन्मात शिवले नव्हते. नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा, जणू हिशेब जुळला नाही. पहिले दोन आठवडे तर मजेत गेले. प्लास्टिकची गरम ओली जाळी तोंडावर दाबून त्यांचा साचा घेतला होता. रोज ती जाळी चेहऱ्यावर चढवून टेबलाला खटाखट अडकवत. मास्तर तंत्रज्ञाला म्हणाले, “एवढं फिटिंग मला आयुष्यात साधलं नाही, आणि तुम्ही ट्रायलसुद्धा घेतली नाहीत.” तंत्रज्ञ हसला. तिसऱ्या आठवड्यात हिरड्या लाल झाल्या. मग गालांचं आतलं अस्तर जागोजागी उतरलं, जिभेवर, टाळ्यावर पांढुरके चट्टे पडले. पाण्याचा घोट काच गिळल्यासारखा जाऊ लागला. दुधाला पत्र्याची चव आली, मग कशालाच चव राहिली नाही. लाळ डिंकासारखी घट्ट झाली. आणि बोलायला जावं तर जीभ दाताला लागे, आणि जीभ दाताला लागली की डोळ्यांसमोर पांढरं होई. एका सोमवारी सकाळी मास्तर बोलायचे थांबले.

त्याच सोमवारी वॉर्डातल्या सिस्टरनं तिघांना समोर बसवलं. जाड चष्म्याची, ठाशीव बाई. “हे फोड शेकाचे आहेत, शेक संपला की भरतील. पण तोवर तोंड राखायचं. मिठा-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दर दोन तासांनी. नुसत्या होत नसतील तर कापसानं, मऊ ब्रशानं, हळूहळू सगळं पुसून काढायचं. बाजारातलं झोंबरं माउथवॉश कुणी आणलंत तर माझ्याशी गाठ आहे. आणि हे औषध बधिर करणारं. ब्रश लावायच्या आधी, घास द्यायच्या आधी तोंडात धरायचं. पाच मिनिटं. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. घरी कोण करणार?” बायकोनं बॅटरीच्या उजेडात नवऱ्याच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि ती मागच्या मागे स्टुलावर बसली, पांढरीफटक. “मी,” मुलगा म्हणाला. “मी क-क-क... क-करीन.” सिस्टर थांबली. घाई नाही, मदत नाही, नजर इकडेतिकडे नाही. वाक्य येईपर्यंत थांबली. मास्तरांना तिचं ते थांबणं विचित्र वाटलं. दोन शब्द त्यांच्या तोंडाशी आले होते, त्यांनी तोंड उघडलंही, पण लाळेची एक तार तेवढी शर्टावर सांडली.

घरात पाटी आली. पाटीवर पाणी मागता येतं, उशी मागता येते, पण विनोद पाटीवर लिहिला की शिळा होतो, हे मास्तरांना दोन दिवसांत कळलं. लिहून होईपर्यंत माणसं पुढच्या गोष्टीवर गेलेली असत. वाचून ती तोंडभर हसत, आजाऱ्याचं मन राखायला हसतात तशी.

आणि आता हा आवाज. त्या दुपारनंतर मास्तर कान देऊन पडू लागले. कचेरीतून रजा घेऊन मुलगा घरीच असे, आणि रोज दुपारी, गुळण्यांचं पाणी उकळताना, भांडी घासताना, तो आईशी बोलायचा. क वर अडला तर नुसता श्वास घेऊन पुढे जायचा, अडल्याचं कळायचंही नाही. बायको त्याला प्रश्न विचारायची, बायकोलाही एवढे प्रश्न विचारता येतात हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. एकदा तर ती गुणगुणली. सूर पूर्वीइतकाच बेताचा होता. हे सगळं केव्हापासून चाललंय याचा त्यांनी विचार केला आणि त्यांना उत्तर सापडलं. त्या सोमवारपासून. ते बोलायचे थांबले त्या दिवसापासून.

हाक मारता येत नाही म्हणून त्यांच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला होता. बुधवारी दुपारी पलीकडे गोष्ट रंगात आली होती, आणि मास्तरांनी चमचा पेल्यावर मारला. टण्ण. आवाज तुटला. पावलं. “का-काय... का-काय हवंय, बाबा?” त्यांनी टॉवेलकडे बोट दाखवलं. गुरुवारी पाणी मागितलं. तहान खरंच लागली होती, असं ते स्वतःला सांगत, आणि लागलेलीही असायची. तहान नव्हती केव्हा? पण शुक्रवारपर्यंत त्यांचा हात बसला. ते वाट बघायला शिकले. गोष्ट चढत जाऊ द्यायची, बायकोचा श्वास हसण्यासाठी भरून आला असेल असा अंदाज घ्यायचा, आणि तिथे, हशाच्या अगदी अलीकडे, टण्ण. ती जागा त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? चाळीस वर्षं त्यांनी त्याच जागेवर पोट भरलं होतं. शनिवारी पलीकडे कुणी गोष्ट सुरूच केली नाही. नळाचा आवाज, भांड्याचा आवाज, बास. मास्तर पडून राहिले. तोंड तसंच जळत होतं. पण बऱ्याच दिवसांनी घर आपल्या मापाचं झाल्यासारखं वाटलं आणि त्यांना तासभर गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी दहा वाजता मुलगा तबक घेऊन आला. बॅटरी, कोमट पाण्यात भिजवलेला ब्रश, कापूस, पाण्याचा पेला, थुंकायला वाडगा. बधिर करणारं औषध तबकात नव्हतं. मास्तरांची नजर खिडकीशेजारच्या फळीवर गेली. बाटली तिथेच होती. त्यांची नजर तिथे गेलेली मुलानं पाहिली. तो खुर्ची ओढून बसला, बॅटरी लावली आणि म्हणाला, “आ करा.”

एकही आ जास्तीचा नव्हता. सवयीनं मास्तरांनी आ केला, आणि ब्रश आत गेला.

“आज मी न अडकता बोलणार आहे,” मुलगा म्हणाला. आवाज स्वयंपाकघरातला होता. “ब्रश तोंडात आहे तोवर तुम्हाला ऐकावं लागेल. हलू नका, लागेल.” ब्रश खालच्या हिरडीवरून गेला. मास्तरांचे पाय चादरीखाली ताठ झाले. “पाच वर्षांपूर्वी ती घरी आली होती. हिरवी पर्स होती तिच्याकडे, आठवतंय? तिला मी सगळं आधी सांगून ठेवलं होतं. मी अडकतो, बाबा चेष्टा करतात, मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, एवढंच ना? चहा झाला. मी तुम्हाला तिचं नाव सांगायला गेलो आणि अडकलो.” ब्रश डाव्या गालाकडे वळला. तिथे सगळ्यात वाईट होतं, दोघांनाही माहीत होतं. हात सावकाश चालला होता, घाई नव्हती, जोरही नव्हता. जोराची गरजच नव्हती. “तुम्ही माझ्यासारखं करून दाखवलंत. तिचं नाव घेऊन. सात वेळा. मी मोजलं. ती हसली, बाबा. मला तिचा राग नाही. तुम्ही हसवलंत की माणूस हसतोच. मी हसलो, आई हसली. मग तिला सोडायला मी खाली रस्त्यावर गेलो. ती म्हणाली, मी तिथे हसले, मला स्वतःचीच लाज वाटतेय. त्या घरात राहिले तर मला रोज हसावं लागेल. एवढंच बोलली आणि गेली.”

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. ते दुखण्याचं होतं. घशातून जो आवाज निघत होता तो त्यांचा त्यांनाच ओळखू येत नव्हता. आणि डोक्यात, त्या पांढऱ्या जाळाच्या मधोमध, एक विचार मात्र अगदी स्वच्छ उभा होता: सात नव्हे, चार-पाच वेळा. सात वेळा ताणलं तर विनोद मरतो. मी एवढा कच्चा नाही.

“चमचा वाजवू नका,” मुलगा म्हणाला. “पेला मी घेऊन जातोय. तुम्हाला काय लागणार ते मला ठाऊक आहे. दर दोन तासांनी मी येणारच आहे.” त्यानं ब्रश काढला, पाणी दिलं, वाडगा धरला. वाडग्यात गुलाबी पाणी पडलं. मग तो उठला, फळीवरची बाटली काढली, झाकणात औषध मोजून ओतलं आणि बापाच्या ओठांना लावलं. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत पाच मिनिटं उभा राहिला. मास्तरांची जीभ हळूहळू दुसऱ्याची होत गेली. “झा-झालं,” मुलगा म्हणाला. “थु... थुंका.” बाटली परत फळीवर ठेवताना तिचा तळ दोनदा लाकडावर वाजला.

बारा वाजता तो तबक घेऊन आला तेव्हा तबकात औषध होतं, सगळ्यात पुढे. मास्तरांनी दात आवळून घेतले. पाटीवर लिहिलं, ‘तू नको.’ दोन वाजता, चार वाजता तेच. मुलगा तबक आईच्या हातात देऊन बाहेर गेला. तिनं ओठ पुसले. दातांच्या पुढच्या बाजूनं कापूस फिरवला. बॅटरी लावलीच नाही. मास्तरांनी पाटी पुढे केली, ‘नीट कर.’ “नीट?” ती म्हणाली. “मला तुमच्या तोंडाची भीती वाटते हो.” मग, त्यांच्याकडे न बघता, “आजची नाही.” आणि वाडगा घेऊन निघून गेली. मास्तर पाटी घेऊन बसले. वाचायला ती थांबली नव्हती.

चार दिवस असे गेले. रोज दहाला शेकाच्या टेबलावर जाळी, आणि बाकी दिवसभर मिटलेलं तोंड. मुलगा दर दोन तासांनी दारात येऊन उभा राही, मास्तर भिंतीकडे वळत. तिसऱ्या दिवशी जिभेवर नासलेल्या दुधासारखा थर आला. बुधवारी संध्याकाळी अंग तापलं. गुरुवारी सकाळी, आठवड्याच्या तपासणीला, सिस्टरनं बॅटरी लावून पाहिलं आणि बॅटरी तशीच पेटती ठेवून ती मुलाकडे वळली.

“हे काय आहे? बुरशी चढलीय इथपर्यंत. किती दिवस तोंडाला हात लावला नाही?”

बाहेरच्या बाकांवर दहा-बारा माणसं नंबर लावून बसली होती. दार उघडं होतं. मास्तरांच्या मांडीवर पाटी होती, हातात पेन्सिल होती.

“मा-मा... माझ्याकडून रा-राहिलं,” मुलगा म्हणाला.

“राहिलं? दर दोन तासांनी सांगितलं होतं, तू म्हणालास, मी करीन. म्हणून विश्वास ठेवला. आता ताप आहे, शेक थांबवावा लागणार, आणि थांबलेला एकेक दिवस आजाराच्या पथ्यावर पडतो, कळतंय का तुला? बाप आहे ना हा तुझा? का शेजारचा?” ती बराच वेळ बोलली. बाकांवरची माणसं वाकून बघत होती. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. पेन्सिल मास्तरांच्या बोटांत होती, चार शब्द पुरले असते, ‘मीच करू दिलं नाही.’ त्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याला आपली कीव आली म्हणून तो बोलत नाही, की आपल्याला हे असं बघत बसावं लागावं म्हणून बोलत नाही, याचा त्यांना काही केल्या अंदाज लागेना. चाळीस वर्षं समोर उभ्या माणसाचं माप नजरेनं घेणारा माणूस, पण इथे टेप कुठे लावायची तेच कळेना. आणि पेन्सिल काही हलली नाही.

त्याच दिवशी भरती करून घेतलं, नाकातून नळी घातली. बुरशीचे थेंब, दुखण्याचं गोड कडवट सरबत, सलाइन. पाच शेक उरले होते, ते सातव्या दिवशी पुन्हा सुरू झाले. मुलगाही पुन्हा सुरू झाला. आता दात आवळायची ताकद मास्तरांत नव्हती. आधी औषध, पाच मिनिटं घड्याळावर, मग ब्रश. “आ-आ करा.” “थु-थुंका.” याखेरीज एक अक्षर नाही. इतक्या हलक्या हातानं मास्तरांना आयुष्यात कुणी शिवलं नव्हतं. कापसाचा बोळा जिभेच्या कापलेल्या कडेवरून असा जायचा की कळायचंही नाही, आणि बापाच्या डोळ्यांत जरा काही दिसलं तर हात जागच्या जागी थांबायचा. मास्तर प्रत्येक खेपेला फळीकडे बघत. बाटली तबकात असे. तरीही बघत. तो पुन्हा एकदा विसरला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मग भांडता आलं असतं, मनातल्या मनात तरी. घरी आल्यावर दुपारी भिंतीपलीकडून काही ऐकू येत नसे. चारच्या गुळण्या झाल्या की मायलेक चपला घालून फिरायला जात. कडी लागायची, जिन्यावर पावलं वाजायची, आणि दुसऱ्या वळणावर, इतकं खाली गेल्यावर की शब्द कळू नयेत, मुलाचा आवाज सुरू व्हायचा.

शेक संपले तरी दोन आठवडे तोंड होतं त्याहून बिघडलं. सिस्टर म्हणाली होती तसंच. मग एके दिवशी पाणी नुसतं पाणी लागलं. चट्टे कडेकडेनं आक्रसले, गुलाबी कातडी धरली. पाचव्या आठवड्यात नळी काढली. घरात कुणी नसताना मास्तर कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “खांदा.” जड, जरा ओला, पण शब्द होता. “कॉलर. कफ. काज.” सगळे आले. मग त्यांनी आणखी एक शब्द म्हणून पाहिला, “चुकलं.” च घसरला. दुसऱ्यांदा नीट आला. तिसऱ्यांदा आला तो त्यांच्याच कानाला इतका घडवलेला, ट्रायलला घातल्यासारखा वाटला की ते आरशासमोरून बाजूला झाले. बायको आणि मुलगा परत आले तेव्हा ते पाटी मांडीवर घेऊन बसले होते. पुढचे नऊ दिवस पाटीवरच चाललं. बोलायचं तर पहिलं वाक्य काय, ते ठरेना.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, मान हलवली, म्हणाले, “मुलानं राखलं म्हणून राहिलं हे तोंड.” बाहेर आले तर सिस्टरला तिघे जण एकदमच हाका मारत होते. तिनं मुलाला गाठलं. झालं गेलं ती विसरली असावी, किंवा त्या शेवटच्या आठवड्यांत त्याचा हात तिनं पाहिला असावा. “जरा या बाईंना समजावून सांग. यांचा आज बारावा शेक, तोंड लाल व्हायला लागलंय. मी आलेच.” बाकावर एक बसचा ड्रायव्हर बसला होता, खाकी शर्ट, भाजून काळवंडलेल्या मानेभोवती मऊ पंचा. शेजारी त्याची बायको, मांडीवर कागद, हातात पेन. मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. मास्तर दोन पावलांवर, पुढच्या तारखेचा कागद हातात धरून उभे.

“पा-पाणी उकळायचं,” मुलगा म्हणाला. “म-मग गार. पू-पूर्ण गार. त्यात पा-पाव चमचा मी-मीठ. आ-आणि पाव चमचा सो... सो... स—” जबडा ओढला गेला. शीर तटतटली. ड्रायव्हर त्याच्या तोंडाकडे बघत होता, डोळे न हलवता, रस्त्याकडे बघावं तसा. बाईचं पेन कागदावर टेकून थांबलेलं. शब्द मुलाच्या दातांमागे अडकून धडपडत होता, आणि मास्तरांना तो दिसला. इतकी वर्षं असा शब्द दिसला की त्यांच्या जिभेवर काहीतरी तयार असायचं. आज काही नव्हतं. त्यांनाच नवल वाटलं. फक्त त्या शब्दाला हात द्यावा, पलीकडे काढावं, एवढंच वाटलं, आणि विचार करायच्या आत ते बोलून गेले.

“सोडा.”

स्पष्ट आला. ड्रायव्हरनं मान न वळवता एक हात वर केला, पंजा मास्तरांच्या दिशेनं, थांबा म्हणून. “त्यांना सांगू द्या ना,” बाई म्हणाली.

मुलानं वळून पाहिलं. अडीच महिन्यांनी बापाचा आवाज कानावर पडला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, आनंद नव्हता, रागही नव्हता. आज ना उद्या येणार हे ठाऊक असलेलं काहीतरी आलं, एवढंच. तो पुन्हा बाईकडे वळला.

“त्यांच्याकडे लक्ष देऊ नका,” तो म्हणाला, साफ, सरळ, एका दमात. मग त्यानं श्वास घेतला, जबडा पुन्हा एका बाजूला ओढला गेला, आणि बाई थांबली, ड्रायव्हर थांबला.

“सो... सो... सोडा,” मुलगा म्हणाला. “पा-पाव चमचा. द-दर दोन तासांनी.”

बाईनं ते लिहून घेतलं.